दुसरा प्रवासी

तिकिटं दोन काढली होती मी.
एक दस्तगीर अमीनसाहेब सतारमेकर, वय एकसष्ट,
खिडकी नको म्हणाले.
दुसरं तानपुऱ्याचं.
सामानात टाकायचा नव्हता तो; मागे एक सतार
मान मोडून परत आली होती परदेशातून,
वर 'नाजूक' अशी चिठ्ठी शाबूत.
म्हणून शेजारची जागा, पट्ट्यासकट.

संगणकानं आडनाव विचारलं. मी लिहिलं, तानपुरा.
मग जन्मतारीख. त्याशिवाय पुढे सरकेना.
विश्रामबागेतून मिरजेला फोन लावला.
मामा म्हणाले, कुठली धरता?
भीमेकाठी भोपळा वेलीवरून उतरवला ती,
का तुणाची दांडी बसवली ती,
का परवा जवारी लागली, पहिल्यांदा बोलला, ती?
बोलला ती, असं मीच ठरवून टाकलं.
नऊ फेब्रुवारी.

उड्डाण सत्तावीस मार्चचं.
बावीसलाच आकाशाला कुलूप.
उट्रेख्टच्या बाईंनी कळवलं, इथेही दारं बंद,
त्याला थंडीत ठेवू नका.

कंपनीचं पत्र मात्र गोड.
आपल्या गैरसोयीची आम्हांला जाणीव आहे.
खाली हिरवं बटण, तळहाताएवढं: व्हाउचर स्वीकारा.
त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
पैसे परत हवे असल्यास.
दिवसभर तेच सांगत होते मी सगळ्यांना,
विट्याच्या शितोळ्यांना, ज्यांचं गलईचं दुकान
दुबईत तसंच उघडं राहिलं होतं,
कुपवाडच्या नर्सला, तिच्या आईला,
हिरवं दाबू नका,
विमान त्यांनी रद्द केलंय, तुम्ही नाही.
मिरजेला सांगायला उशीर झाला.
मामांचं बटण वाचलं.
तानपुऱ्याचं नातवानं दाबलं होतं,
रंग आवडला म्हणून.

जूनमध्ये स्कूटर काढली. सतारमेकर गल्लीत
सगळ्या फळ्या अर्ध्या लावलेल्या,
आत भुसा नाही, पॉलिशचा वास नाही.
फोन स्पीकरवर ठेवला मधोमध.
आपण रांगेत अडतिसावे आहात.
आणि ते संगीत, तेच चार सूर, गोल गोल,
गिरणीच्या पट्ट्यासारखं.
मी कंटाळून घड्याळ बघत होते.
मामांनी कान लावला.
काळी चारच्या जरा खाली आहेत हे लोक, म्हणाले,
आणि गवसणी काढली.
खुंटी किंचित सैल, मणी सरकवला,
जवारीखालचा दोरा नखानं हलवला केसभर,
आणि छेडत बसले.
पंचम, जोड, खर्ज.
पंचम, जोड, खर्ज.
चाळीस मिनिटं दुकान भरून राहिलं.
समोरचे नूरमहंमद फळी सरकवून ऐकत उभे,
नाकावरचं फडकं हनुवटीवर.

अचानक एक मुलगी बोलली, दमलेली,
कुठल्या शहरातून कोण जाणे.
मॅडम, मागे कसला आवाज येतोय?
म्हटलं, दुसरा प्रवासी.
त्याच्याबद्दलच फोन केलाय.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, थांबवू नका, मी नियम बघते.

नियमात तो नव्हताच.
व्हाउचर एकदा स्वीकारलं की स्वीकारलं.
हस्तांतर नाही.
प्रवाशानं स्वतः यावं, ओळखपत्रासह,
एकतीस मार्चच्या आत.

मामांचे पैसे आले, तेरा महिन्यांनी,
सेवाशुल्क वजा, सहा पत्रांनंतर.
शेवटच्या पत्रात मी जरा वाईट भाषा वापरली होती.
पासबुक घेऊन आले बँकेतून, विचारलं,
आणि त्याला काय मिळालं?
म्हटलं, भोपळा.
हसले. म्हणाले, तो तर त्याच्याकडे होताच की.

छापलेलं व्हाउचर गवसणीच्या खिशात आहे अजून,
जादा तारांच्या वेटोळ्याशेजारी.
मुदत कधीच संपली.
जवारीला मुदत नसते, असं काहीतरी
बोलणार होते मी, छानसं.
मामा म्हणाले, झिजते ती पण.
वर्षा-दोन वर्षांनी उघडून घासावी लागते.